चार मुठी वर, आग्नेयेला

३ फेब्रुवारी, मंगळवार

वर जाणारे रॉकेट खाली जाताना का दिसते?

आज वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि खडू ठेवून दिला. सगळ्यांनी पाहिलेले असते – प्रत्यक्ष नाही तर पडद्यावर. उडते सरळ वर. मग कलते. आणि शेवटी क्षितिजाकडे उतरत उतरत दिसेनासे होते. नेमकी तेव्हाच बातम्या देणारी बाई सांगत असते की यान आता दोनशे किलोमीटर उंचीवर पोहोचले! मग ते चढते आहे की पडते आहे?

मागच्या बाकावरून उत्तर आले, "बिघडलं असेल, मॅडम." हशा.

सगळ्यांना बाहेरच्या लांब बोळात नेले. छताला दिव्यांची रांग, सगळे एकाच उंचीवर. "शेवटचा दिवा कुठे दिसतो?" – "खाली." – "तो खाली आहे का?" – "नाही..." आणि त्या "नाही"नंतर जी शांतता पसरली, तिच्यासाठीच मी शिकवते. रॉकेट दूर जाते, म्हणून उतरल्यासारखे वाटते. शिवाय पृथ्वीची पाठ गोल, त्यामुळे दूर गेलेले आणखी खाली बुडते. संपले कोडे!

परत वर्गात शिरताना खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. चौकट गेली अकरा वर्षे तिथेच आहे.

प्रश्न उगाच विचारला नव्हता. घोषणा झाली आहे – सतरा तारखेला, संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी, किनाऱ्याने उत्तरेला तीनशे किलोमीटरवर असलेल्या उड्डाणतळावरून. सूर्यास्त सहा बावीसला. म्हणजे आपल्याकडे अंधारलेले आणि दीडशे किलोमीटर वर अजून लख्ख ऊन! रॉकेट सावलीतून त्या उन्हात शिरते, तेव्हा त्याचा धूर उजळतो आणि आकाशभर पसरतो. अशी वेळ जुळणे फार दुर्मीळ.

ताईला दाखवायचे. ठरले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ताईला जग नळीतून दिसते. डोळ्यांच्या पडद्याचा घराण्यातून येणारा विकार – कडेकडून आत सरकत येतो, मधले तेवढे शेवटपर्यंत ठेवतो. हात लांब करून मूठ धरली, तर ती मूठ आकाशाचे दहा अंश झाकते. ताईचे सगळे जग आता त्या एका मुठीएवढे आहे. त्यात जे येते ते तिला स्वच्छ दिसते, दोरा सुईत ओवता येतो! पण ताट दिसते तेव्हा शेजारचा पेला नसतोच.

चाळीस वर्षे कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतले तिने. दोन वर्षांपूर्वी कात्री ठेवली.

मागच्या वर्षी उल्का पाहायला सगळे गच्चीवर जमलो होतो. "ती बघ!" – ताई वळायची, तोवर संपलेली. "ती बघ, ती बघ!" अकरा वेळा. मी मोजत होते, ही माझी वाईट खोड. बाराव्या वेळी ती वळलीच नाही. उतरताना म्हणाली, "आता मला बोलावू नका. तुम्ही सगळे हळहळता, त्याचाच जास्त त्रास होतो."

डॉक्टरांच्या मते वर्षभरात उरलेले निम्मे होईल. भावंडांनीही तपासून घ्यावे, असेही ते तेव्हाच म्हणाले होते. घेईन. परीक्षा संपू देत.

आज फोन केला.

"ताई, या वेळी शोधायचं नाही. कुठे बघायचं ते मी आधी सांगणार. तू तिथे फक्त डोळे लावून बसायचं. ते आपणहून तुझ्यासमोर येईल."

"मास्तरीणबाई, रॉकेट काय तुमच्या वेळापत्रकावर चालतं?"

"हो! तेच तर सांगते आहे!"

शेवटी म्हणाली, "एकदाच येईन. या वेळी हुकलं तर मात्र पुन्हा विषय नको."

हुकणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

घोषणेत वेळ असते, मार्ग नसतो. मग मार्ग कसा काढायचा? सोपे आहे – आणि किती सुंदर! रॉकेटचे रिकामे झालेले टप्पे समुद्रात पडतात. ते कुणाच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून समुद्राचे ठरावीक तुकडे काही तास मोकळे ठेवावे लागतात. मोकळे ठेवायचे तर बोटींना आधी कळवावे लागते. म्हणजे ज्या गोष्टीची जाहिरात कोणी करत नाही, ती नावाड्यांच्या सूचनेत स्पष्ट छापलेली असते!

खालच्या मजल्यावरच्या कप्तानांकडे गेले. तीस वर्षे बंदरात मोठ्या जहाजांना ओढून आणणारी बोट चालवली. जहाजाचे कप्तान ते कधीच नव्हते, पण इमारतीत तसे कोणी म्हणत नाही. सूचना अजून येतात त्यांच्याकडे.

"काय प्राध्यापकबाई, बोट घेताय की काय?"

"नाही, रॉकेट."

"मग चहा घ्या आधी."

सूचनेत दोन चौकटी. प्रत्येकीचे चार कोपरे, अक्षांश-रेखांशासह. पहिली उड्डाणतळाच्या जवळ, दुसरी फार दक्षिणेला. दोन्हींची तारीख आणि वेळ तीच. उड्डाणतळापासून दोन्ही चौकटींच्या मधून रेघ ओढली की झाला मार्ग. रेघ मिळाली की कोणत्या मिनिटाला कुठे आणि किती उंच, हे त्रिकोणमितीचे काम. ते मला कोणी शिकवायला नको.

आलेखाचा मोठा, कोरा कागद काढला. नकाशावर कशाला गर्दी करायची? कोऱ्या कागदावर विचार स्वच्छ होतात.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिली चौकट झकास. रेघ थेट आग्नेयेला जाते.

दुसरी मात्र रेघेवर नाही. हजार किलोमीटर बाजूला! तासभर डोके लावले. मग दिसले – रेखांशातला दशकस्थानचा अंक एकाने वाढवला तर चौकट उडी मारून बरोबर रेघेवर येते. छपाईची चूक! टंकलेखन करणाऱ्याचे बोट घसरले असणार, आणि तोच अंक चारही कोपऱ्यांत उतरला. खोडून दुरुस्त केले. चौकट रेघेवर बसली तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली.

बंदर कचेरीला सविनय पत्रही धाडले. नावाड्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. 'आपल्या सूचनेतील एका अंकाकडे लक्ष वेधू इच्छिते' वगैरे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी गच्चीवर. यंदा मंद तारे दिसतच नाहीत. शहराचे दिवे फार वाढले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताईच्या जुन्या कारखान्यातून भाऊजींनी पुठ्ठ्याच्या नळ्या आणून दिल्या. कापडाचा तागा गुंडाळतात त्या. रुंदी दहा सेंटीमीटर. सत्तावन्न सेंटीमीटर लांब कापली की तिच्यातून दिसते नेमके दहा अंश आकाश – ताईची मूठ! दोन नळ्या, दोन उंच स्टुलांवर, शिकंज्यात घट्ट. पहिली उड्डाणानंतर साडेचार मिनिटांनी रॉकेट जिथे उन्हात येईल त्या जागेसाठी. दुसरी साडेपाच मिनिटांनंतरच्या जागेसाठी. आधीची चार मिनिटे गेली तर हळहळ नाही: उत्तर बाजू शेजारच्या इमारतीने झाकलेली आहे, आणि तोवर दिसणार तो फक्त ज्योतीचा बारीक ठिपका, जो संधिप्रकाशात ताईला सापडत नाही.

साडेपाच मिनिटांचे उत्तर: जवळजवळ नीट पूर्वेला, पावणेतीन मुठी वर. तीनदा पडताळले.

नळ्या वर नेताना जिन्यात अडखळले. दिवा बदलायला सांगितले पाहिजे. भाऊजी म्हणतात दिवा ठीक आहे. त्यांचे चपलांकडे लक्ष नसते, दिव्याकडे कुठून असणार?

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजची नोंद नीट लिहिते. चूक माझी आहे, ती माझ्याच अक्षरात असावी.

ताई आणि भाऊजी आले. ताईला नळी दाखवली.

"मला आधीच नळीतून दिसतं, त्यात तू आणखी एक नळी देतेस?"

"मेहुणीबाई औषधावर औषध देतात," भाऊजी म्हणाले.

मग आलेखाचा कागद टेबलावर पसरला आणि मी समजावू लागले. कागद सरकवताना शेजारचा पाण्याचा पेला उडाला. ताई म्हणाली, "आंधळी मी आहे की तू?" सगळे हसलो. पुसले. ताई कागदावर झुकली. ती नकाशा आपल्यासारखा पाहत नाही. एका कडेला नजर लावते आणि रेघेरेघेने पुढे सरकते, जशी कापडावर सरकायची. बराच वेळ गेला. भाऊजींनी दोन जांभया दिल्या.

"हा दुसरा तुकडा तू हलवलास का?"

"हो. छपाईची चूक होती. दुरुस्त केली."

"जागा बदललीस. पण याचा उभा धागा रेघेला लागत नाही."

"म्हणजे?"

"अगं, पहिला तुकडा बघ. लांब बाजू रेघेला समांतर. बरोबर बेतलाय. हा दुसरा रेघेवर पडलाय खरा, पण उरेब, तिरका पडलाय. याची लांब बाजू सरळ खाली जाते." तिने बोट फिरवले. "चुकून तुकडा भलतीकडे पडेल. पण चुकून त्याचा धागा कसा फिरेल? ज्याने बेतला त्याने जाणूनबुजून तसाच बेतलाय."

पाच दिवस तो कागद माझ्यासमोर होता! चौकटी लांबट असतात त्या उड्डाणाच्या दिशेने, हे मीच दरवर्षी शिकवते. दुसरी चौकट सांगत होती की तिथे रॉकेट सरळ दक्षिणेला जात आहे. आणि मी तिला उचलून माझ्या रेघेवर ठेवले.

धावत कप्तानांकडे. त्यांनी कागद पाहिला आणि माझ्या रेघेवर अंगठा टेकवला.

"इथून नेणार होतात तुम्ही?"

"का?"

"अहो, इथे बेट आहे! माणसं राहतात! एवढं मोठं बेट तुमच्या कागदावर कसं नाही?"

कारण कागद कोरा होता. विचार स्वच्छ व्हावेत म्हणून.

रॉकेट आधी आग्नेयेला जाते, मग बेट चुकवायला हवेत वळते आणि दक्षिण धरते. टंकलेखन करणाऱ्याचे बोट घसरले नव्हते.

ताईला खाली सोडायला गेले. म्हणाली, "नळी कुठे होती आणि कुठे पाहिजे?"

"अजून मोजायचंय."

"मोज." मग हसून म्हणाली, "आणि या वेळी कोपरे हलवू नकोस."

१५ फेब्रुवारी, रविवार

सगळे नव्याने. वळण धरून.

साडेचार मिनिटे: दिशा जवळपास तीच, पण उंची तीन मुठींऐवजी चार. एका मुठीचा फरक. म्हणजे ताईच्या नळीत रिकामे आकाश!

साडेपाच मिनिटे: पूर्वेला पावणेतीन मुठी नव्हे – चार मुठी वर, आग्नेयेला. जुन्या जागेपासून जवळजवळ तीन मुठी दूर.

माझ्या पहिल्या उत्तरावर नळ्या ठेवल्या असत्या तर ताई दोन्हींकडे डोळे लावून बसली असती आणि आम्ही सगळे "तो बघ!" म्हणून ओरडलो असतो. तेराव्यांदा.

नळ्या हलवल्या. होकायंत्राने दिशा, ओळंब्याने उंची. मग मुठींनी पुन्हा. आता मात्र खात्री आहे – पहिल्यापेक्षा वेगळ्या जातीची. पहिली खात्री माझी होती. ही दोघींची आहे.

बंदर कचेरीला दुसरे पत्र. 'माझे दिनांक ९ चे पत्र कृपया रद्द समजावे.'

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उड्डाण दोन दिवस पुढे. वरच्या हवेत वारा. वेळ तीच. चौकटी त्याच, कप्तानांनी पडताळल्या. ताई म्हणाली, "तागा दुकानातच आहे, घाई नाही."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दिसले! ताईला दिसले!

क्रमाने लिहिते, नाहीतर सगळे सांडेल.

पावणेसातला चौघे गच्चीवर. ताई पहिल्या नळीमागे खुर्चीत, मी तिच्या बाजूला, भाऊजी फोनवरून वेळ मोजणार, कप्तान दुर्बीण गळ्यात घालून कठड्याशी. सात वाजून दोन मिनिटे. उडाले. आमच्याकडे काहीच नाही, फक्त इमारतीची काळी भिंत.

"एक मिनिट," भाऊजी.

"रिकामं आहे," ताई.

"असायलाच पाहिजे."

"तीन."

"अजून रिकामं. मान अवघडली."

"चार मिनिटं. चार दहा."

कप्तान ओरडले, "निघाला! भिंतीच्या कडेने निघाला, पिवळा ठिपका!" ताईची मान नकळत वळू लागली. मी तिचे खांदे धरले. "नको. तिकडे नको. तिथेच बघ."

"चार वीस. चार पंचवीस..."

आणि ताईने श्वास आत ओढला.

"अगं... अगं, आलं!"

मी वर पाहिले. नळीच्या रोखाने, चार मुठी वर, तो ठिपका उन्हात शिरला होता आणि त्याच्यामागे काहीतरी उलगडत होते – निळसर, पांढरे, मोठे होत जाणारे.

"घेर बघ त्याचा!" ताई म्हणाली. "उरेब कापड हातातून सोडल्यासारखा! कसा पडतोय, कसा पडतोय..."

"ताई, आता दुसरी नळी, चल, उजवीकडे..."

"सोड मला. मला ठाऊक आहे ते कुठे जातंय."

आणि ती उठली, दोन पावले चालली, दुसऱ्या नळीला डोळा लावला आणि थांबली. रॉकेट यायला अजून पंधरा सेकंद होते. ती आधी पोहोचून त्याची वाट पाहत होती! उल्कांच्या त्या संध्याकाळनंतर आज पहिल्यांदा आमच्यात सगळ्यात आधी ती होती.

"आलं," ती शांतपणे म्हणाली. "वेळेवर."

भाऊजींनी डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाले. धूर दोनशे किलोमीटरवर होता.

मग ते दक्षिणेकडे सरकत उतरू लागले – बोळातला शेवटचा दिवा! मी त्याच्यावर नजर लावून मुठी मोजत होते. कप्तान म्हणाले, "अहो, डावीकडे बघा, मागे काय राहिलंय!"

"काय?"

"काय म्हणजे?" भाऊजी. "कधीचं पसरलंय! मेहुणीबाई, डोळ्याच्या कोपऱ्यातून तरी दिसलं असेल!"

मान वळवली. अर्धे पूर्वेचे आकाश व्यापून तो सगळा धूर उजळून उभा होता. खालच्या रस्त्यावर लोक थांबून बोटे दाखवत होते. मान वळवेपर्यंत मला त्याची चाहूलही नव्हती. मोजण्यात गुंतले होते, दुसरे काय.

ताईने नळीवरून डोळा हटवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या मुठीत तेव्हा फक्त माझा चेहरा मावत असणार.

"खरंच नाही दिसलं तुला?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

तरीही, काय दिवस!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीच ताईचा फोन. वाटले, पुन्हा त्या घेराबद्दल बोलेल. काल घरी पोहोचेपर्यंत तेच चालले होते म्हणे.

"तुझ्या खांद्यावर काळं-निळं होतं, ते कशाने?"

"वर्गाच्या दाराने. का गं?"

"दार. शनिवारी पेला. काल तो ढग. तूच म्हणतेस ना, दोन ठिकाणं कळली की रेघ ओढता येते? ही तीन झाली."

मी म्हटले, हा निव्वळ योगायोग आहे, मी त्या वेळी कामात होते, आणि पेला तर—

"कोपरे हलवू नकोस," ताई म्हणाली.

फोन ठेवल्यावर जिन्यातला दिवा आठवला. आणि मंद तारे.

२२ फेब्रुवारी, रविवार

कृती. भरदिवसा, खिडकीकडे पाठ करून, भिंतीवरच्या एका खुणेसमोर उभे राहावे. नजर खुणेवरून हलवू नये. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत बाजूंना सरळ पसरावेत आणि बोटे हलवत राहावीत. मग हात सावकाश पुढे आणावेत. बोटे हलताना पहिल्यांदा दिसतील तिथे थांबावे आणि खुणेपासून हातापर्यंत किती मुठी होतात ते मोजावे. बहुतेकांना हात जवळजवळ खांद्यांच्या रेषेतच दिसतात. आठ-नऊ मुठी.

तीनदा केले. तिन्ही वेळा तेच. उजवीकडे पाच. डावीकडे चार.

आकडे आहेत तसेच लिहिले आहेत. उद्या दहाची वेळ मिळाली. ताई सोबत येणार आहे. म्हणाली, "दवाखान्याचा जिना बावीस पायऱ्यांचा आहे, सातवी तुटकी. माझा हात धर."